‘काढलेला’ वेळ आणि ‘झालेली’ झोप : परिचर्या-विद्यार्थिनींच्या लांबच्या प्रवासाचा एक विचार

१

आधुनिक परिचर्या-शिक्षणाची घडण मुळात निवासी स्वरूपाची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुढाकाराने १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात जी परिचारिका-शाळा सुरू झाली, तिच्यातील उमेदवार स्त्रिया रुग्णालयाच्या आवारातच राहत, तेथेच जेवत आणि तेथेच वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम शिकत. रुग्णाची शुश्रूषा दिवसरात्र चालते. ती शिकणाराही रात्री-अपरात्री हाताशी असला पाहिजे, हा या व्यवस्थेमागचा साधा विचार होता. भारतात परिचर्येचे शिक्षण रुजले तेही याच धर्तीवर. रुग्णालयाच्या आवारातील परिचारिकांची निवासस्थाने ही या परंपरेची खूण होय. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतही शिक्षणसंस्थेस वसतिगृह असावे ही अपेक्षा नमूद आहे.

तथापि परिचर्या शिकणारी प्रत्येक विद्यार्थिनी आज वसतिगृहात राहते असे नाही. कोठे जागा अपुरी असते, कोठे वसतिगृहाचा खर्च घराला पेलत नाही, कोठे घरी लहान मूल किंवा आजारी वडीलधारे माणूस असते. मुंबईसारख्या शहरात या अडचणीला एक विशेष रूप प्राप्त झाले आहे. मोठी सार्वजनिक रुग्णालये भायखळा, परळ, मुंबई सेंट्रल, शीव अशा जुन्या शहराच्या पट्ट्यात आहेत. सामान्य कुटुंबाला परवडणारे घर मात्र कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरार, पनवेल असे दूर दूर सरकत गेले आहे. उपनगरी गाड्यांची व्याप्तीही त्याबरोबर वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या अंतराने ज्या लोहमार्गाचा आरंभ झाला, त्याच्या एका फाट्यावर आता कर्जत सुमारे १०० व दुसऱ्या फाट्यावर कसारा सुमारे १२१ किलोमीटरवर आहे. पश्चिम मार्गावर २०१३ पासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत, म्हणजे चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर, धावू लागल्या. निवासी म्हणून कल्पिलेले शिक्षण रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरचा येण्याजाण्याचा प्रवास करून घेण्याचा प्रसंग अशा रीतीने उत्पन्न झाला.

हा प्रवास विद्यार्थिनी निभावून कसा नेतात, या प्रश्नाला सामान्यतः ‘सवयीने’ असे उत्तर दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. निभावून नेण्याच्या या क्रियेत काही गोष्टी प्रयत्नसाध्य आहेत, तर काही प्रयत्नाच्या कक्षेबाहेरच्या आहेत; आणि या दोहोंतील भेद प्रवास करणाऱ्या स्त्रियांच्या रोजच्या मराठीत आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट उमटला आहे. मराठी बोलणारी व्यक्ती वेळ ‘काढते’; झोप मात्र ‘व्हावी’ लागते. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे सदर प्रश्नाचे विवेचन केले आहे.

२

प्रथम प्रवासाचा हिशेब मांडणे इष्ट होय. उदाहरणादाखल एक विद्यार्थिनी बदलापूर येथे राहते आणि तिचे रुग्णालय परळ भागात आहे, असे धरू. घरापासून स्थानकापर्यंत वीस मिनिटे, फलाटावर गाडीची वाट पाहण्यात दहा मिनिटे, जलद गाडीने दादरपर्यंत सुमारे सत्तर मिनिटे आणि तेथून रुग्णालयाच्या विभागात पोचेपर्यंत तीस मिनिटे. एकंदर दोन तास दहा मिनिटे झाली. जाऊन-येऊन चार तास वीस मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस धरल्यास हा आकडा सव्वीस तासांवर जातो.

या सव्वीस तासांपैकी प्रत्यक्ष गाडीत जाणारे तास केवळ चौदा आहेत. उरलेले बारा तास चालणे, जिना चढणे, थांबणे, रिक्षाच्या रांगेत उभे राहणे अशा तुकड्यांत विखुरलेले असतात. ‘गाडीत अभ्यास होतो’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते विधान फार तर या चौदा तासांपुरते खरे असते, आणि तेही बसावयास जागा मिळाल्यास. प्रवासाचा विचार किलोमीटरमध्ये किंवा गाडीच्या वेळापत्रकात करणे म्हणूनच फसवे ठरते. घराच्या उंबरठ्यापासून विभागाच्या दारापर्यंतचा काळ हेच त्याचे खरे माप होय.

दुसरी गोष्ट अशी की, या विद्यार्थिनीचा दिवस कचेरीत जाणाऱ्या व्यक्तीप्रमाणे एकसारखा नसतो. परिचर्येच्या शिक्षणात वर्गातील तासांबरोबर विभागांतील प्रत्यक्ष काम असते, आणि हे काम पाळ्यांमध्ये विभागलेले असते. एका आठवड्यात सकाळची पाळी, दुसऱ्यात दुपारनंतरची, कधी रात्रीची. प्रसूतिविभाग, बालरुग्णविभाग, शस्त्रक्रियागृह, सामुदायिक आरोग्यकेंद्र अशा नेमणुका बदलत राहतात. गाडीची ठराविक वेळ, ठराविक डबा, ठराविक सोबत हा नेहमीच्या प्रवाशाचा मुख्य आधार असतो. परिचर्या-विद्यार्थिनीचा हा आधार दर पाळीगणिक मोडतो आणि तिला तो पुन्हा उभा करावा लागतो.

३

हा आधार कशाचा बनलेला असतो, हे पाहण्यासाठी गाड्यांच्या नावांकडे लक्ष देणे उपयुक्त आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांना बहुधा स्वतंत्र नावे नाहीत. प्रवासी त्यांना वेळेने ओळखतात. ‘सहा-वीसची चुकली’, ‘आठ-बाराची लेट आहे’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. यांत ‘गाडी’ हे नाम अध्याहृत असून ‘-ची’ हा षष्ठीचा प्रत्यय त्या अध्याहृत नामाचे लिंग धारण करतो. पुढे गंतव्य स्थानाचे नावच गाडीचे नाव बनते आणि तेथे लिंगव्यवस्थेत एक मौजेचा पालट होतो. ‘ठाणे आले’ या वाक्यात ठाणे हे स्थानक आहे. ‘ठाणे आली’ या वाक्यात ती ठाण्याला जाणारी गाडी आहे. ‘कल्याण आले’ आणि ‘कल्याण आली’, ‘कसारा आला’ आणि ‘कसारा आली’ या जोड्यांतही हाच भेद आहे. मूळ नाव नपुंसकलिंगी असो वा पुल्लिंगी, गाडीच्या अर्थी ते स्त्रीलिंगी होते. ‘डोंबिवली आली’ या वाक्यात मात्र मूळ नावच स्त्रीलिंगी असल्यामुळे स्थानक आले की गाडी, हे प्रसंगावरूनच उमगते.

रुग्णालयाच्या बोलीत पाळ्यांची नावेही याच पद्धतीने बनली आहेत. ‘मला मॉर्निंग लागली’, ‘तिची नाइट चालू आहे’, ‘इव्हिनिंग बदलून मिळाली’ या वाक्यांत इंग्रजी कालवाचक शब्द ‘ड्यूटी’ किंवा ‘पाळी’ या अध्याहृत नामाचे स्त्रीलिंग घेऊन वावरतात. आता या दोन परिभाषा प्रवासी विद्यार्थिनीच्या एका वाक्यात एकत्र येतात : ‘उद्या मॉर्निंग, म्हणजे सहा-वीसची.’ वरवर पाहता हे वाक्य अत्यंत साधे आहे. परंतु त्यातील ‘म्हणजे’ या शब्दात संपूर्ण दिवसाचे गणित सामावलेले आहे : आठ वाजता विभागात हजर होणे, त्यामागे दादरहून अर्धा तास, त्यामागे गाडी, त्यामागे स्थानकाची वाट, त्यामागे डबा करून निघणे आणि त्यामागे पाच वाजण्यापूर्वी उठणे. हे गणित रोज नव्याने करावे लागू नये म्हणून ते एका नावात बंदिस्त करून ठेवलेले असते. नवी विद्यार्थिनी आपल्या वरच्या वर्गातील मैत्रिणीकडून हीच समीकरणे प्रथम शिकते. कोणत्या पाळीस कोणती गाडी, ती हुकल्यास कोणती, दोहोंपैकी कोणती आपल्याच स्थानकातून सुटते, ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. ती नावांच्या द्वारे तोंडी चालत येते.

४

यानंतर ‘काढणे’ या क्रियापदाकडे वळता येईल. मराठीत या क्रियापदाची व्याप्ती मोठी आहे. ‘वेळ काढणे’ म्हणजे नसलेला वेळ प्रयत्नपूर्वक मिळविणे. तेच शब्द ‘वेळकाढूपणा’ या सामासिक रूपात टाळाटाळीचा अर्थ देतात. ‘दिवस काढणे’ म्हणजे हालअपेष्टा सोसून काळ कंठणे. ‘जागा काढणे’, ‘मार्ग काढणे’, ‘सवड काढणे’ या सर्व प्रयोगांत कर्ता स्पष्ट असतो, आणि जे सहज मिळण्यासारखे नाही ते तो खटपटीने मिळवितो. लांबच्या प्रवासातून जे जे अशा रीतीने ‘काढता’ येते, त्याचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार बसण्याच्या जागेचा. अभ्यास किंवा विश्रांती ही दोन्ही जागेवर अवलंबून असल्यामुळे, गाडी निवडताना वेगापेक्षा जागेला महत्त्व देणे पुष्कळदा हिताचे ठरते. कर्जतहून येणारी जलद गाडी बदलापुरास भरलेली येते. बदलापुरातूनच सुटणाऱ्या गाडीला कदाचित पंधरा मिनिटे अधिक लागतील, परंतु तिच्यात बसून जाता येते. सत्तर मिनिटे उभे राहून विभागात पुन्हा सहा-सात तास पायांवर काढणे आणि पंच्याऐंशी मिनिटे बसून तेथे पोचणे, यांतील दुसरा पर्याय कागदावर लांब असला तरी शरीराला स्वस्त पडतो. जवळच्या स्थानकावरील प्रवासी उलट दिशेच्या गाडीत चढून शेवटच्या स्थानकापर्यंत जातात आणि तीच गाडी परतताना बसून येतात. यास प्रवाशांच्या बोलीत ‘रिटर्न येणे’ म्हणतात. त्याचे मर्मही हेच आहे.

स्त्रियांच्या डब्यात जागेची वाटणी संभाषणाने होते. ‘ताई, कुठे उतरणार?’ हा प्रश्न रूपाने चौकशीचा असला तरी कार्याने मागणीचा आहे. ‘ठाण्याला’ हे उत्तर मिळताच ‘मग तुमची जागा मला’ असे म्हणून एक अलिखित हक्क निर्माण होतो आणि आजूबाजूच्या स्त्रिया त्याच्या साक्षीदार ठरतात. अनोळखी स्त्रीला तिच्या वयानुसार ‘ताई’, ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हणून हाक मारली जाते. या नात्याच्या हाकेमुळे मागणीची धार बोथट होते. तीनजणींच्या बाकावर कडेला टेकणाऱ्या चौथीची जागाही अशाच एका ‘जरा सरकता का?’ या विनंतीने मिळते. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट व बोरीवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू केली. परंतु प्रत्येक डब्यातील रोजची व्यवस्था याच संभाषणावर चालते. पाळी बदलल्यामुळे नव्या गाडीत आलेल्या विद्यार्थिनीला सोबतीणींचा गट आयता मिळत नाही. हे दोन प्रश्न आणि तीन हाका हीच तिची त्या गाडीतील शिदोरी होय.

दुसरा प्रकार अभ्यासाचा. येथे सरसकट विधान करणे चुकीचे होईल. औषधाच्या मात्रेचे गणित, रुग्णाच्या परिचर्येचा आराखडा, प्रात्यक्षिकांची वही ही कामे कागद, टेबल आणि स्वस्थता मागतात. धक्के खाणाऱ्या डब्यात ती करू नयेत. याउलट आठवून म्हणण्याचा अभ्यास गर्दीत उभे राहूनही होतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत एकाच बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते असे दाखविले होते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून काढणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक स्मरत होता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पुस्तक पिशवीत ठेवून, कालचा पाठ मनात म्हणून पाहणे हा प्रवासाच्या स्वरूपाला अनुरूप असा अभ्यास आहे. फलाटावरील दहा मिनिटांसारखे विखुरलेले तुकडेही त्याला पुरतात.

परिचर्या-विद्यार्थिनीच्या बाबतीत या उजळणीला एक भाषिक अंगही आहे. तिच्या पाठ्यपुस्तकांची भाषा प्रायः इंग्रजी, औषधपत्रिकेवरील संक्षेप लॅटिन आणि रुग्णाची भाषा मराठी किंवा हिंदी असते. ‘बी. डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टी. डी. एस.’ म्हणजे तीनदा, ‘एस. ओ. एस.’ म्हणजे गरज पडल्यास, ‘एच. एस.’ म्हणजे झोपण्याच्या वेळी. हे संक्षेप ओळखणे ही अर्धीच विद्या होय. ‘ही गोळी लागली तरच घ्यायची, आजी’ असे समजेल त्या मराठीत सांगता येणे ही उरलेली अर्धी. दोघी मैत्रिणींनी एकीने संज्ञा म्हणावी आणि दुसरीने ती रुग्णाला सांगावयाच्या शब्दांत फिरवून द्यावी, या तोंडी अभ्यासाला गाडीइतकी सोयीची जागा क्वचितच मिळते. रुग्णाचे नाव किंवा त्याच्या आजाराची ओळख पटेल असा तपशील मात्र डब्यात उच्चारू नये, ही मर्यादा येथे पाळावीच लागते.

तिसरा प्रकार शरीराच्या लहानसहान सोयींचा. उपनगरी गाड्यांत स्वच्छतागृह नसते. त्यामुळे अनेक स्त्रिया निघण्यापूर्वी पाणी पिण्याचे टाळतात. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावरील पाठ वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने तरी ही सवय लावून घेऊ नये. कोणत्या स्थानकावर वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे हे माहीत करून घेणे हा तिच्या नियोजनाचा भाग असावा. गणवेश रुग्णालयात गेल्यावर चढवणे आणि निघण्यापूर्वी उतरवून वेगळ्या पिशवीत ठेवणे हे स्वच्छतेच्या दृष्टीने योग्य आहे. विभागात पोचण्यापूर्वी काही खाणे आवश्यक असते, कारण सकाळच्या पाळीतील पहिले दोन तास बहुधा सर्वांत धावपळीचे असतात. पावसाळ्यासाठी कपड्यांचा एक जोड आणि पर्यायी मुक्कामाचा एक पत्ता हाताशी असावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोहमार्ग बंद पडून असंख्य प्रवासी जेथल्या तेथे अडकले. लहान प्रमाणावर असे प्रसंग अनेक पावसाळ्यांत येतात.

५

येथपर्यंतच्या सर्व गोष्टी ‘काढण्या’च्या कक्षेतील आहेत. झोपेपाशी आल्यावर मात्र मराठीची वाक्यरचना बदलते. ‘झोप काढणे’ हा प्रयोग आहे. पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. ‘गाडीत अर्धा तास झोप काढली’ असे म्हणतात. पुरेशा विश्रांतीविषयी बोलताना हे क्रियापद बाजूला पडते आणि ‘झोप झाली’, ‘झोप लागली’, ‘झोप पुरी झाली नाही’ असे प्रयोग येतात. यांत झोपणारी व्यक्ती कर्तेपदी नसते. ‘मला झोप लागली’ या वाक्यात ती चतुर्थीत आहे, तर ‘माझी झोप झाली नाही’ यात षष्ठीत. क्रियेचा कर्ता झोप हाच आहे.

हा भेद केवळ विभक्तीचा नाही, हे आज्ञार्थाच्या कसोटीवर दिसून येते. ‘जरा झोप काढ’ अशी आज्ञा करता येते. ‘तुला झोप लाग’ किंवा ‘तुझी झोप हो’ असे म्हणता येत नाही. फार तर ‘तुला झोप लागो’ अशी इच्छा व्यक्त करता येते. आई मुलाला ‘झोप आता’ म्हणते, हा येथे आक्षेप होऊ शकेल. परंतु त्या आज्ञेने मूल फार तर आडवे होते. झोप लागण्यासाठी काळोख, शांतता आणि मुख्यतः अवधी लागतो. तात्पर्य, भाषेने ज्या ठिकाणी आज्ञार्थ नाकारला आहे, त्या ठिकाणी उपदेशही दुबळा ठरतो. ‘पुरेशी झोप घ्या’ ही सूचना अवधी नसलेल्या व्यक्तीस करणे हे व्याकरणात शुद्ध, पण व्यवहारात निरर्थक आहे. भाषेच्या रचनेवरून शरीरशास्त्राचे सिद्धान्त काढता येत नाहीत, हे मान्यच आहे. या ठिकाणी मात्र दोहोंचा निष्कर्ष जुळतो.

प्रौढ व्यक्तीने नियमितपणे रात्री सात किंवा अधिक तास झोपावे, असा अभिप्राय अमेरिकेतील निद्राविषयक तज्ज्ञसंस्थांनी २०१५ मध्ये एकमताने दिला. आता वरील उदाहरणातील विद्यार्थिनीची दुपारनंतरची पाळी रात्री आठला संपते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची पाळी आहे असे समजू. मध्ये बारा तास आहेत. त्यांतून प्रवासाचे चार तास वीस मिनिटे वजा केल्यास सात तास चाळीस मिनिटे उरतात. रात्रीचे जेवण व आवराआवर यांसाठी पाऊण तास, सकाळी उठून तयार होऊन डबा करण्यास एक तास. म्हणजे झोपेला पाच तास पंचावन्न मिनिटे, तीही गादीवर पडताक्षणी झोप लागली तर. वसतिगृहातील तिच्या मैत्रिणीला येण्याजाण्यास वीस मिनिटे लागतात असे धरले, तर तिच्यापाशी त्याच बारा तासांतून नऊ तास पंचावन्न मिनिटे राहतात. पाळीपत्रकावर दोघींच्या रकान्यांत एकच नोंद असते. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांविषयीच्या निदेशानुसार कामगारास चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती मिळावी लागते. त्या निकषासही हे बारा तास उतरतात, कारण तेथेही विश्रांतीची मोजणी काम संपल्यापासून होते, घरी पोचल्यापासून होत नाही.

रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या व्यक्तींची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तितकी खालावते. चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीइतकी घसरते. सकाळी सहाला उठून दिवसभर घरचे काम आटोपलेली आणि रात्री आठच्या पाळीस आलेली विद्यार्थिनी रात्री अकरालाच सतरा तासांची सीमा ओलांडते. पहाटे सहाच्या सुमारास रुग्णांचे तापमान, नाडी व रक्तदाब यांच्या नोंदी आणि औषधे यांची वेळ येते, तेव्हा तिचे चोवीस तास पुरे झालेले असतात. त्या वेळी मात्रेतील एका दशांशचिन्हाची चूक तिची एकटीची राहत नाही. तिचा परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो. लांबच्या प्रवासाचा प्रश्न विद्यार्थिनीच्या सोयीपुरता मर्यादित नाही, तो या कारणाने.

गाडीतील डुलकी या तुटीची भरपाई करीत नाही, पण तिचा उपयोग नाकारण्याचेही कारण नाही. रात्रपाळीनंतर सकाळी घरी परतणारी विद्यार्थिनी शहराकडे येणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने जात असल्यामुळे तिला बहुधा बसावयास मिळते. अशा वेळी पुढे जाणारी गाडी टाळून आपल्याच स्थानकात संपणारी गाडी धरणे शहाणपणाचे आहे. म्हणजे झोप लागलीच तर स्थानक मागे पडत नाही. शेजारणीला ‘मावशी, मला उठवाल का?’ असे सांगून ठेवणे हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. पेंगुळलेल्या अवस्थेत दाराशी उभे राहणे मात्र कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य समजावे.

६

या विवेचनातून उपस्थित होणारा शेवटचा मुद्दा उशिराचा आहे. येथेही दोन वाक्ये समोरासमोर उभी राहतात. विद्यार्थिनी म्हणते, ‘मला उशीर झाला.’ हजेरीपुस्तकात नोंद होते, ‘उशिरा आली.’ पहिल्या वाक्यात उशीर ही घडलेली गोष्ट असून व्यक्ती तिचा अनुभव घेणारी आहे; दुसऱ्यात व्यक्ती कर्ती आहे आणि उशीर हे तिच्या क्रियेचे विशेषण आहे. पहिल्या वाक्यात सबब शोधण्याची सोय आहे, हे खरे. दुसऱ्यात कारणाला जागाच नाही, हेही तितकेच खरे. शिस्त हा परिचर्येचा पाया आहे. पाळी सोपविणारी परिचारिका पुढची येईपर्यंत हलू शकत नाही, आणि एकीचा उशीर दुसरीची गाडी चुकवितो. म्हणून नोंद होणे योग्यच आहे. परंतु एकाच शेऱ्याखाली गाडी बंद पडलेला दिवस आणि अंथरुणातून उठवले नाही तो दिवस यांची नोंद होत गेली, तर त्या नोंदीतून संस्थेलाही काही कळत नाही. शेऱ्याशेजारी कारणाचा आणि घरून निघाल्याच्या वेळेचा एक रकाना वाढविल्यास वर्षाअखेर प्रवासाचा खरा भार कोणावर किती पडला, याचा हिशेब हाती येईल.

७

सारांश, लांबच्या प्रवासातून जागा, उजळणी, सोबत आणि थोडी विश्रांती या गोष्टी काढता येतात. त्यांसाठी लागणारे ज्ञान विद्यार्थिनी एकमेकींकडून घेतात, आणि ते गाड्यांच्या नावांत, नात्याच्या हाकांत व ठरीव प्रश्नांत साठविलेले असते. झोप या रीतीने काढता येत नाही. ती होण्यासाठी अवधी लागतो, आणि हा अवधी विद्यार्थिनीच्या हाती नसून पाळीपत्रक आखणाऱ्याच्या हाती असतो. यावरून संस्थांनी विचारात घ्याव्यात अशा चार गोष्टी निष्पन्न होतात. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थिनीचा घर ते विभाग हा प्रवासाचा काळ तासांत नोंदवावा आणि वसतिगृहातील जागा देताना त्याचा विचार व्हावा. दूरच्या विद्यार्थिनीस दुपारनंतरच्या पाळीला लागून सकाळची पाळी देऊ नये. देणे अटळ असल्यास त्या रात्रीपुरती आवारात झोपण्याची सोय असावी. रात्रपाळ्या तुटक न देता सलग द्याव्यात आणि पहिल्या रात्रीच्या आधीची दुपार मोकळी ठेवावी. शेवटी, रात्रपाळी संपल्यावर लगेच वर्गातील तास ठेवू नयेत.

या सूचनांपैकी एकीलाही मोठा खर्च लागत नाही; पाळीपत्रकाच्या रकान्यांत घराचे अंतर आणून बसविणे एवढेच त्यांचे मागणे आहे. निवासी परंपरेत हे अंतर शून्य होते, म्हणून ते कोणी मोजले नाही. आज ते रोजचे चार तास झाले आहे. सकाळी घराघरांतून ‘झोप झाली का?’ असा प्रश्न सहजपणे विचारला जातो. विभागात औषधांची गाडी ढकलत निघालेल्या विद्यार्थिनीबाबत तो प्रश्न तिच्या शिक्षकांनीही विचारावा, आणि त्याचे उत्तर होकारार्थी यावे अशी तजवीज आदल्या दिवशीच्या पाळीपत्रकात करून ठेवावी.